चित्रं बघतो की वाचतो?

पत्राचा सारांश: तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका आईचं पत्र आहे. मुलगा सात वर्षांचा, मराठी शाळेत दुसरीला. बाराखडी येते, 'कमळ', 'बादली' असे शब्द वाचतो, जोडाक्षर आलं की अडतो. दिवाळीत मामाने जुन्या कॉमिक्सचा गठ्ठा आणून दिला. राजे, राक्षस, लढाया. तेव्हापासून मुलगा रोज अर्धा तास त्यात डोकं खुपसून बसायचा, पण 'मोठ्याने वाचून दाखव' म्हटलं की गप्प. वडिलांचं म्हणणं असं की धडे न अडखळता वाचता येईपर्यंत कॉमिक्स बंद. वर्गशिक्षिकांनीही तेच सुचवलं. गठ्ठा आता कपाटात कुलपाआड आहे आणि मुलगा रुसला आहे. आई विचारते: तो वाचत होता की नुसती चित्रं बघत होता? कॉमिक्समुळे वाचन बिघडतं का? गठ्ठा परत द्यावा का?

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला घरीच दहा मिनिटांत मिळेल. त्याने सगळ्यात जास्त चाळलेलं एक पान निवडा. त्यातल्या पात्रांच्या बोलण्याच्या फुग्यांमधली चार-पाच वाक्यं कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात उतरवून घ्या, चित्र नको. मग त्याला जवळ बसवून म्हणा, 'हे कोण कोणाला म्हणतं ते सांग.' परीक्षा घेतल्यासारखं करू नका, स्वयंपाकघरात गप्पा मारता मारता करा. बहुतेक शब्द वाचता आले तर तो वाचतोय, फक्त तुमच्यासमोर लाजतोय. गोष्ट घडाघडा सांगितली पण कागदावरचे शब्द वाचता आले नाहीत, तर तो चित्रांवरून गोष्ट लावतोय. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून दुसरी शक्यता जास्त वाटते. तसं निघालं तरी दोष मुलाचा नाही, आणि कॉमिक या प्रकाराचाही नाही. दोष त्या गठ्ठ्याचा आहे.

राजा-राक्षसांच्या कॉमिक्समध्ये एखादा वीर साधारण असं बोलतो: 'हे दुष्टा, तुझ्या अन्यायाचा अंत आता निश्चित आहे!' मोजून बघा. आठ शब्द, त्यांतल्या चारांत जोडाक्षर. दुष्टा, तुझ्या, अन्यायाचा, निश्चित. तुमचा मुलगा नेमका तिथेच अडतो. दहा-बारा वर्षांच्या वाचकासाठी लिहिलेला मजकूर आपण चित्रं आहेत म्हणून सात वर्षांच्या मुलाच्या हातात देतो. 'कॉमिक म्हणजे सोपं' ही समजूत मामाचीही आहे आणि बाबांचीही. एकाने सोपं म्हणून आणलं, दुसऱ्याने सोपं म्हणून बंद केलं.

दुसरी समजूत अशी की चित्र बघणं म्हणजे वाचन टाळणं. अर्धा तास तो काय करत होता ते जरा बघा. पहिल्या चौकटीत राक्षसाने गदा उचललीय, पुढच्या चौकटीत झाड मोडून पडलंय आणि राजा दुसऱ्या बाजूला उभा आहे. मधलं कोणी काढलेलं नाही. गदा फिरली, राजाने उडी मारली, घाव झाडावर बसला, हे सगळं त्या दोन चौकटींमधल्या बोटभर पांढऱ्या पट्टीत घडलं आणि ते मुलाने स्वतः भरून काढलं. न सांगितलेलं ओळखणं हा आकलनाचा अर्धा भाग. तो त्याला येतोय. उरलेला अर्धा भाग अक्षरांचा, आणि तो चित्रं बघून आपोआप येत नाही, हेही तितकंच खरं. म्हणून 'काहीतरी वाचतोय ना, वाचू दे' असं म्हणून सोडून देणाऱ्यांशीही मी सहमत नाही.

मराठी वाचायला शिकणाऱ्या मुलाला चांगल्या कॉमिकचा एक फायदा आहे, त्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. साध्या गोष्टीत दर दोन वाक्यांनी काय येतं? 'म्हणाला', 'म्हणाली', 'त्याने उत्तर दिलं'. 'म्ह' हे नवशिक्याला फार वेळा आडवं येणारं जोडाक्षर. कॉमिकमध्ये हे काम बोलणाऱ्याकडे वळलेली फुग्याची शेपटी करते. 'म्हणाला' गायबच! दुसरं, फुग्यात माणसं बोलतात तशी बोलतात: 'केलं', 'सांगितलं', 'कुठं गेलं'. धड्याच्या निवेदनात बहुधा 'केले, सांगितले' असतं, जे मूल घरात कधी ऐकत नाही. वाचलेला शब्द कानाला ओळखीचा निघाला की मुलाला कळतं की आपण बरोबर वाचलं. (यामुळे शुद्धलेखन बिघडेल ही काळजी नको. बोलण्यातली ही रूपं अनुस्वार देऊन लिहायची मुभा नियमांतच आहे.) तिसरं, आवाजाचे शब्द. टपटप, खडखड, धाडकन, गुरगुर. यांत जोडाक्षरं कमी, अक्षरं पुन्हा पुन्हा येणारी, आकाराला मोठी, आणि ओरडून वाचायला परवानगी असलेली. बाराखडी नुकती पक्की झालेल्या मुलाला याहून बरा सराव शोधून सापडणार नाही.

वाचायला शिकणाऱ्यांसाठीच कॉमिक काढायचं हा विचार काही ठिकाणी फार गांभीर्याने झालाय. न्यूयॉर्कमध्ये फ्रान्स्वाज मूली यांनी 2008 मध्ये टून बुक्स नावाची मालिका सुरू केली. तिच्या पहिल्या पायरीच्या पुस्तकात एका पानावर एक किंवा दोनच चौकटी, छोटी वाक्यं आणि सगळ्या पुस्तकात मिळून दोनशे-तीनशे सोपे शब्द. दुसऱ्या पायरीवर पानाला चारपर्यंत चौकटी. नवशिक्या वाचकांच्या पुस्तकांसाठी अमेरिकेत दिला जाणारा गायझेल पुरस्कार 2010 मध्ये याच मालिकेतल्या एका पुस्तकाला मिळाला. इंग्रजी पुस्तकं तुम्हाला आणायला सांगत नाही, पण त्यांची मोजपट्टी उसनी घ्यायला हरकत नाही.

मराठीत अशा पायऱ्या लावलेली कॉमिक्स गावातल्या दुकानात सहज मिळत नाहीत, म्हणून निवडायचं काम आपल्यालाच करावं लागतं. दुकानात किंवा ग्रंथालयात पुस्तक मधूनच उघडा, पहिलं पान नेहमी सजवलेलं असतं. एका पानावर चौकटी चारापेक्षा जास्त असतील तर ते पुस्तक पुढच्या वर्षासाठी. एका फुग्यात आठ-दहा शब्दांपेक्षा जास्त असतील तरी तेच. मग पानावरचे सलग वीस शब्द घ्या आणि जोडाक्षर असलेले किती ते मोजा. पाचापर्यंत चालतील. 'त्या', 'माझ्या', 'तिच्या', 'म्हण' यांसारख्या शब्दांना मराठीत पर्याय नाही, असे पंधरा-वीस शब्द फोड न करता आख्खे ओळखायला शिकवलेलेच बरे. पाचाच्या वर गेलं की दर ओळीला ठेच.

अक्षरांकडे वेगळं बघा, कारण खरी फसगत तिथे असते. अनुवादित कॉमिक्समध्ये फुगा मूळ भाषेच्या मापाने काढलेला असतो आणि मराठी मजकूर त्यात मावत नाही. मग अक्षरं बारीक करतात, ओळी एकमेकींना चिकटवतात, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शब्द मध्येच तोडतात. 'सांगि' एका ओळीत, 'तलं' दुसऱ्या ओळीत. मोठ्यांचा डोळा ते सांधून घेतो. नवशिका 'सांगि' म्हणजे काय याचा विचार करत थांबतो. असं एक जरी पान दिसलं तरी पुस्तक ठेवून द्या. शिवाय हिंदी वळणाचा फॉन्ट असेल तर ल आणि श वेगळे दिसतात. महाराष्ट्र शासनाच्या 2009 च्या निर्णयानुसार आपल्याकडे पाकळीचा ल आणि देठाचा श. शाळेत मुलगा तो शिकलाय. पुस्तकातला ल त्याला वेगळंच काहीतरी वाटतो, आणि आपण समजतो की मुलगा विसरला. आवाजाचे शब्दही बघून घ्या. काही अनुवादांत ते मूळ चित्रातच रोमन अक्षरांत रंगवलेले राहतात आणि सगळ्यात मजेचा भाग हातचा जातो.

कुठे मिळेल? प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी आणि पातळी 1 असं निवडलं की लहान पुस्तकं फुकट वाचता येतात, उतरवून छापताही येतात. पातळी 1 म्हणजे अडीचशे शब्दांच्या आत. ही बरीचशी चित्रपुस्तकं आहेत, कॉमिक नव्हेत, पण सुरुवातीला तेच बरं. मोबाइलवर मात्र कॉमिक वाचायला देऊ नका. पान लहान दिसतं, मूल बोटांनी मोठं करतं, आणि मोठं केलं की कुठली चौकट आधी हेच हरवतं. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची चिंटू ही चित्रपट्टी 1991 पासून मराठी घरांत आहे. तीन-चार चौकटी आणि एकच गंमत, हे माप सात वर्षांना अगदी जमतं. काही विनोद शब्दांवर असतात आणि मोठ्यांच्या जगावर असतात, ते त्याला कळणार नाहीत. रोज एकच पट्टी, जेवणाआधी, एवढं पुरे.

आता वाचायचं कसं ते सविस्तर सांगते, कारण पुस्तक निवडण्यापेक्षा इथे जास्त चुकतं.

एका आठवड्याला चार ते सहा पानं घ्या आणि तीच पानं पाच दिवस वाचा. रोज दहा-पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही. पहिल्या दिवशी अक्षरांना हातच लावायचा नाही. त्याने चित्रांवरून गोष्ट सांगायची, तुम्ही ऐकायची, चुकली तरी चुकू द्यायची. दुसऱ्या दिवशी चौकटीच्या वरच्या पट्टीतला निवेदनाचा मजकूर तुम्ही वाचा, कारण सगळ्यात अवघड वाक्यं तिथे असतात. त्याने एकच पात्र घ्यायचं आणि त्याचेच फुगे वाचायचे. बाकी पात्रं तुमची. आवाजाचे शब्द मात्र सगळे त्याचे. तिसऱ्या दिवशी पात्रं बदला. चौथ्या दिवशी सगळे फुगे त्याचे, पट्टी तुमची. पाचव्या दिवशी आजीला किंवा फोनवर मामाला वाचून दाखवू दे. तोपर्यंत निम्मं पाठ झालेलं असेल, आणि 'हा तर पाठ म्हणतोय' असं कोणीतरी म्हणेलच. म्हणू द्या. पाठ झालेल्या ओळीवर बोट फिरवताना अक्षर आणि आवाज यांची गाठ पक्की होत जाते. खात्री करायची असेल तर मधलाच एखादा शब्द बोटाने दाखवून विचारा.

क्रम चुकणं ही सुरुवातीची सगळ्यात मोठी अडचण. डावीकडून उजवीकडे, मग खालची ओळ, हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलेलं असतं की मुलाला ते सांगायलाच आपण विसरतो. चौकटीच्या आतही तोच नियम: वरचा आणि डावीकडचा फुगा आधी. मूल मात्र जो चेहरा मोठा किंवा जवळचा दिसतो त्याचा फुगा आधी वाचतं, मग उत्तर आधी आणि प्रश्न नंतर येतो आणि काही कळेनासं होतं. पहिल्या दोन-तीन पुस्तकांत चौकटींच्या कोपऱ्यात पेन्सिलीने 1, 2, 3 लिहा. पान फार गजबजलेलं असेल तर पुढच्या चौकटी जाड कागदाने झाका आणि एकेक उघडा. ढगासारखा फुगा म्हणजे मनातलं बोलणं, काटेरी कडांचा म्हणजे ओरडणं, हे एकदा चित्र काढून दाखवलं की पुरतं.

अडला की काय करायचं? आधी काहीच नाही. मनात पाच आकडे मोजा. मग शब्दावर बोट ठेवून तुकडे करायला लावा: 'नि', 'श्चि', 'त'. जोडाक्षर असेल तर त्यातलं अर्धं कुठलं आणि पूर्ण कुठलं ते विचारा. तरी नाही आलं तर सरळ सांगून टाका आणि पुढे जा, गोष्ट थांबता कामा नये. 'चित्र बघून ओळख' हे मात्र पहिलं वाक्य कधीच नको. त्याने घोड्याचं चित्र बघून 'तट्टू'ला 'घोडा' म्हटलं तर गोष्ट पुढे सरकेल, पण तो शब्द कायमचा न वाचलेलाच राहील. आधी अक्षरं, मग चित्राशी पडताळा. एका पानावर पाच वेळा सांगावं लागलं तर पुस्तक त्याच्यासाठी जड आहे; ते आजपासून तुमचं, तुम्ही त्याला वाचून दाखवायचं.

पानामागे प्रश्न एकच विचारा, आणि तो 'तात्पर्य काय'सारखा नको. 'या दोन चौकटींच्या मध्ये काय झालं असेल?' एवढा पुरतो.

तुमच्या यजमानांच्या म्हणण्यात एक गोष्ट अगदी बरोबर आहे, ती त्यांना आधी सांगा म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. फुग्यातली वाक्यं तुटक असतात. सलग परिच्छेद वाचताना श्वास कुठे घ्यायचा, स्वल्पविरामाला किती थांबायचं, ओळ संपल्यावर डोळा नेमका खालच्या ओळीच्या सुरुवातीला कसा न्यायचा, हे कॉमिक शिकवत नाही. तेव्हा रोज दहा मिनिटं धडा किंवा छोटी सलग गोष्ट हवीच. फक्त ते आणि कॉमिक यांत 'आधी हे कर, मग ते मिळेल' असा व्यवहार नको. असा व्यवहार झाला की धडा औषध होतो आणि कॉमिक खाऊ. एक सकाळी, एक संध्याकाळी, इतकं साधं ठेवा. दोन-तीन महिन्यांनी सलग गोष्टीचं माप हळूहळू वाढवा.

शिक्षिकांची काळजी बहुधा वेगाची असेल. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात दुसरीच्या शेवटी मिनिटाला 45 ते 60 शब्द, अर्थ कळून, असं लक्ष्य आहे. तो वेग कॉमिकवर मोजू नका. तिथे डोळा चित्रावर थांबतो आणि थांबायलाच हवा. मोजायचंच असेल तर धड्यावर, महिन्यातून एकदा.

रविवारी एक गोष्ट करून बघा, घरचं कॉमिक. कोरा मोठा कागद एकदा उभा आणि एकदा आडवा दुमडा, चार चौकटी तयार. विषय कालचाच घ्या: खोडरबर हरवला, कुकरची शिट्टी झाली आणि मांजर दचकलं. मुलं आधी चित्र काढतात, ते चौकटभर पसरतं, मग फुग्याला जागा उरत नाही आणि अक्षरं कोपऱ्यात कोंबली जातात. म्हणून क्रम उलटा ठेवा. चौकटीचा वरचा एक तृतीयांश भाग रेघ मारून मोकळा ठेवायचा, त्यात आधी शब्द लिहायचे, शब्दांभोवती फुगा काढायचा, शेपटी खाली आणायची आणि शेवटी माणूस. आधी बोलणारा डावीकडे. दोन ओळींमध्ये अक्षराएवढी मोकळी जागा, म्हणजे उकार आणि मात्रा एकमेकांवर चढत नाहीत. एका फुग्यात चार-पाच शब्द: 'अरे, माझा रबर कुठे गेला?' लिहिताना चुका सुधारत बसू नका. झाल्यावर फक्त दोन शब्द निवडून नीट लिहून घ्या. स्वतःचं अक्षर आणि स्वतःचं वाक्य मूल कितीही वेळा वाचतं. मांजराच्या 'म्याँव'मधलं जोडाक्षर तर त्याला या निमित्ताने कायमचं येईल.

हे सगळं तीन महिने नेमाने करूनही कानामात्रेसकट दोन अक्षरी शब्द अडत असतील, ओळी गळत असतील, पुस्तक डोळ्यांजवळ धरत असेल किंवा डोकं दुखतं म्हणत असेल, तर आधी डोळे तपासून घ्या. डोळे ठीक असतील तर वर्गशिक्षिकांशी बोलून अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यायची की नाही ते ठरवा. ते काम तज्ज्ञांचं आहे, आणि त्यासाठी तिसरी-चौथी उजाडायची वाट बघू नये.

राहिला गठ्ठा. कुलूप काढा. त्यालाच दोन पुस्तकं निवडू दे आणि ती तुम्ही रात्री त्याला वाचून दाखवा. 'हे दुष्टा' तुमचं, 'धाडकन' त्याचं. बाकीची वरच्या फळीवर उघडी ठेवा. चाळायची असतील तेव्हा चाळू दे, वाचून दाखव म्हणू नका. आणि मामांना आत्ताच कळवून ठेवा की पुढच्या दिवाळीला पुस्तक घेताना मधलं पान उघडून चौकटी मोजायच्या.